कालकथित शाहीर आणि कापलेले शेवटचे कडवे

आपल्याकडे माणूस गेला की आपण कै. लिहीत नाही, स्वर्गीयही लिहीत नाही. कालकथित लिहितो. श्रद्धांजली म्हणत नाही, आदरांजली म्हणतो. पुण्यतिथी नाही, स्मृतिदिन. या शब्दांसाठी आपल्या आधीच्या पिढीने घराघरांत वाद घातले, पत्रिका परत छापून घेतल्या, भटजीला दारातून परत पाठवले. धर्मांतरानंतर मरणाची भाषा बदलणे ही साधी गोष्ट नव्हती. मेल्यावर स्वर्ग नाही, कैलास नाही, मग माणूस उरतो कुठे? तो उरतो त्याने केलेल्या कामात आणि ते काम आठवणाऱ्या माणसांत. म्हणजे ज्यांनी स्वर्ग नाकारला त्यांच्यावर आठवणीची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त येते.

आता आपण ही जबाबदारी कशी पार पाडतो ते पाहू. एखादा शाहीर, गायक, कव्वाल गेल्याची बातमी येते. तासाभरात व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो. निळी चौकट, कोपऱ्यात पंचशील ध्वज, मध्ये 'भावपूर्ण आदरांजली' आणि फोटोखाली शोकाकुल म्हणून दहा कार्यकर्त्यांची नावे, पदांसकट. जन्म कुठला, गुरू कोण, कोणत्या गायन पार्टीत होता, त्याची म्हणून कोणती गाणी, यातले एक अक्षर त्या फोटोवर नसते. दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो येतो. मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे गेले तेव्हा हेच झाले. ज्यांचे 'दोनच राजे इथे गाजले' हे गीत महाराष्ट्रातल्या बहुतेक जयंत्यांत वाजले, त्या कवीचे नाव कित्येक तरुणांना तो गेल्याच्या दिवशी पहिल्यांदा कळले. गाणे पाठ, कवी माहीत नाही.

यावर आपले ठरलेले उत्तर आहे की ब्राह्मणी माध्यमांनी आमच्या कलावंतांना जागा दिली नाही. हे उत्तर खोटे नाही. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा देशात दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता आणि महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. त्यांच्या आवाजाच्या मोठेपणाबद्दल इथे वाद घालायचा नाही. पण १५ मे २००४ रोजी वामनदादा कर्डक गेले आणि त्याच वर्षी २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. अवघ्या चाळीस दिवसांत महाराष्ट्रातल्या वस्त्यांचा एक शब्द आणि एक आवाज असे दोन्ही गेले. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्र थांबला होता, असे कुणाला आठवते का? वस्त्या थांबल्या होत्या. महाराष्ट्र चालू होता.

पण माध्यमांना शिव्या देऊन आपले काम संपत नाही. माध्यमांनी दिले नाही ते खरे, पण जे आपल्या हातात होते त्याचे आपण काय केले, हा प्रश्न आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेणारे पुस्तक प्रसिद्ध केले. अर्पणपत्रिकेत तीन नावे आहेत. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. तिघेही गाणारे. एक तमिळ प्रदेशातला, एक काशीचा आणि एक आपल्या मंगळवेढ्याचा. ज्या बाबासाहेबांनी भक्तीचा मार्ग स्वीकारला नाही, ज्यांच्या चळवळीने चोखोबाच्या विनवणीच्या सुराशी उघड मतभेद ठेवला, त्यांनीच इतिहासाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ही नावे लिहिली. मतभेद वेगळा आणि नाव पुसणे वेगळे, एवढे तरी त्यातून समजते. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी इतिहासकाराची अडचण मांडली आहे. महत्त्वाच्या घटनांमधले दुवेच हरवलेले असतील तर काय करायचे? मग तर्काने आणि कल्पनाशक्तीने दुवे जोडावे लागतात. आपल्या लोकांचा इतिहास लिहिताना बाबासाहेबांवर ही वेळ आली, कारण आधीच्या हजार वर्षांत तो कुणी लिहून ठेवला नव्हता. आपल्यावर ही वेळ कशी येते? आपल्याकडे कागद आहे, कॅमेरा आहे, प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे.

आणि चोखोबाचे नाव आपल्यापर्यंत कसे आले तेही पाहा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली चोखोबा गेले, अशी परंपरा सांगते. वेठीचा मजूर. त्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या इतर मजुरांची नावे कुणाला माहीत नाहीत. चोखोबाचे माहीत आहे, कारण त्यांनी अभंगाच्या शेवटी 'चोखा म्हणे' असे लिहिले. नाममुद्रा. पुस्तक नाही, शिलालेख नाही, राजदरबार नाही. फक्त गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफलेले. ज्याच्याकडे कागद नाही त्याने आपली मालकी गाण्यातच नोंदवून ठेवली. गाणारा बदलला, गाव बदलले, शतक बदलले तरी शेवटचे कडवे गायले की कवीचे नाव घ्यावेच लागते.

ही युक्ती संतांकडून शाहिरांकडे आली. शाहिराच्या लावणीत, पोवाड्यात, कव्वालीत शेवटी कवीचे नाव येते. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या आज ओळखता येतात त्या याच कारणाने. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, जात सोडून तमाशात आले. त्यांच्यासोबत त्यांच्या फडात ज्या बाईने महाराष्ट्र वेडा केला त्या पवळाबाई भालेराव, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या, महार समाजातल्या. तमाशाचा इतिहास लिहिणारे आधी बापूरावांवर पाने लिहितात आणि मग 'त्यांची पवळा' म्हणून एक परिच्छेद. लिहिणाऱ्याची नाममुद्रा असते, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईची नसते. म्हणून लावण्या बापूरावांच्या राहिल्या आणि पवळाबाईंची फक्त दंतकथा राहिली. या दोघांबद्दल एक गोष्ट चळवळीत नेहमी सांगितली जाते. महाडच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे पैसे सत्याग्रहाला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. ही गोष्ट सांगताना आपला सूर अभिमानाचा असतो, आणि तो असायलाही हवा. पण त्या गोष्टीत पवळाबाईंना काय वाटले, त्या काय म्हणाल्या, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

तमाशाची ही अडचण ओळखूनच आपल्या लोकांनी जलसा उभा केला. सत्यशोधकांनी वाट घालून दिली होती. तमाशाचा साचा घ्यायचा आणि आशय बदलायचा. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, व्यसन सोडा, संघटित व्हा. ज्या माणसाला 'बहिष्कृत भारत' वाचता येत नव्हते त्याला ते ऐकता आले. जलशात रात्रभर बसलेला माणूस सकाळी उठून गावकीच्या कामाला नाही म्हणाला, अशी उदाहरणे जुने लोक सांगत. हे मनोरंजन होते का? होते. लोक हसत होते, सोंगांना दाद देत होते. आपल्याकडे एक बुद्धिवादी खोड आहे की करमणुकीला कमी लेखायचे आणि लेखाला मोठे मानायचे. ज्या समाजात वाचता येणारे थोडे होते, त्या समाजात चळवळीचे संपादकीय ढोलकीवर लिहिले गेले.

भीमराव कर्डकांनी आणखी एक काम केले, ज्याची आठवण आपण फार कमी काढतो. म्हातारपणी त्यांनी आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहिले. सोबतचे कोण, जलसे कसे होत, काय गात, काय बोलत. एका जलसाकाराने आपल्या सोबत्यांची नोंद स्वतः करून ठेवली. आज विद्यापीठात जलशांवर जे प्रबंध होतात ते या पुस्तकाच्या आधाराशिवाय उभे राहत नाहीत. म्हणजे कागदाची किंमत त्या पिढीला कळत होती.

त्याच जिल्ह्यातले दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा. १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. मुंबईत कोळशाच्या वखारीपासून मिळेल ते काम केले. विशीपर्यंत अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणाले आणि वाचता आले नाही, त्या अपमानातून ते अक्षरे शिकले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९४३ साली पहिले गीत लिहिले ते सिनेमाच्या गाण्याच्या चालीवरचे विडंबन. या चालींवरून आपल्या गीतांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. चाल चोरली म्हणतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की जी चाल आधीच लोकांच्या ओठावर आहे तिच्यात नवे शब्द बसवले, की गाणे शिकवायला दुसरी रात्र लागत नाही. हार्मोनियमवाला नसला तरी चालते. कीर्तनकारांनीही प्रचलित चाली उचलल्या, त्यांना कुणी चोर म्हटले नाही.

वामनदादा घर सोडून गावोगाव फिरले. ज्याच्या घरी मुक्काम, तिथे गाणे लिहायचे आणि तिथेच देऊन पुढे जायचे. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे संग्रह निघाले, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आले. पण त्यांची कितीतरी गाणी कुणाच्या तरी पेटीत, कुणाच्या तरी वहीत राहून गेली. तरीही गाणे वामनदादांचे आहे हे कळायचे. कारण तेच. शेवटच्या कडव्यात 'वामन' यायचा. चोखोबाची युक्ती सहाशे वर्षांनी सिन्नरच्या कवीच्या उपयोगी पडली.

मग हे नाव आता का हरवते? माझे म्हणणे असे आहे की शेवटचे कडवे कापल्यामुळे हरवते. हे लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर जे गाणे वाजते ते ऐका. धृपद, एक कडवे, पुन्हा धृपद, मग ठोका वाढतो आणि दुसरे गाणे सुरू होते. दोन-अडीच मिनिटांत काम संपते. शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी पोहोचतच नाही. ज्या कवीने आपली सही शेवटच्या ओळीत ठेवली होती त्याची सही आपण दरवर्षी, आपल्या हाताने, आपल्या वर्गणीतून कापून टाकतो. मी डीजेच्या विरोधात लिहीत नाही. नाचणाऱ्या पोरांवर नाक मुरडणाऱ्यांत मला बसायचे नाही. वर्षभर दबलेला माणूस एक दिवस रस्त्यावर मोकळा नाचतो यातही राजकारण आहे. पण मुखड्यावर नाचणाऱ्याला कवीचे नाव माहीत असायला काय हरकत आहे?

डीजेच्या आधी कॅसेटने एक घाव घातला होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीत मुंबईच्या चाळीतून थेट गावच्या टेपरेकॉर्डरवर गेले. हा मोठा विजय होता, रेडिओ दारात उभे करत नव्हता तेव्हा कॅसेटने घर दिले. पण व्यवहार असा होता की गीतकाराला एकरकमी काही पैसे आणि कागदावर सही. कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचे चिन्ह, आणि गीतकार आतल्या बाजूला मुंगीच्या अक्षरात. पाच-सहा कवींची गाणी असतील तर 'गीत : पारंपरिक व इतर'. कॅसेट हजारोंनी खपली तरी कवी होता तिथेच. आता त्याच कॅसेटी यूट्यूबवर चढल्या आहेत. खाली चॅनेलवाल्याचे नाव मोठे आणि 'सबस्क्राइब करा'.

यात एक गोष्ट तरुणांनी, विशेषतः कायदा शिकणाऱ्यांनी, नीट समजून घ्यावी. भारतात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ ला गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ध्वनिमुद्रणातल्या गीताच्या रॉयल्टीचा गीतकाराचा वाटा दुसऱ्याला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद आली. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी स्वामित्व संस्थेला देता येतो. आज जो मुलगा भीमगीत लिहून एखाद्या स्टुडिओत विकतो त्याला हे माहीत आहे का? आपल्याकडे वकिलांच्या संघटना आहेत, अॅट्रॉसिटीच्या खटल्यांत त्या उभ्या राहतात. गीतकाराच्या करारनाम्यासाठी कुणी उभे राहिल्याचे मी पाहिलेले नाही. आणि हक्क मागायचा तर आधी गाणे कुणाचे हे सिद्ध करावे लागते. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करतानाही हेच. कात्रणे आणा, प्रमाणपत्रे आणा. ज्याने चाळीस वर्षे वस्तीत, उघड्या मैदानात गायले, त्याच्याकडे कात्रण कुठून येणार? त्याच्या कार्यक्रमाची बातमी कोणत्या वर्तमानपत्राने छापली होती?

आता प्रल्हाद शिंदे यांच्याकडे येतो, कारण त्यांच्या स्मरणात आपलीही परीक्षा आहे. शिंदे घराणे मंगळवेढ्याचे. चोखोबाच्याच गावचे. आषाढीला पंढरीच्या वाटेवर प्रत्येक स्टॉलवर, प्रत्येक एसटी स्टँडवर प्रल्हाद शिंदे वाजतात. महाराष्ट्राला विठ्ठलाची हाक त्या आवाजात ऐकू येते. हाच आवाज भीमजयंतीला भीमाची गाणी गायचा, कव्वालीचे सामने रात्ररात्र रंगवायचा. ते गेल्यावर बाहेरच्या महाराष्ट्राने त्यांची अर्धीच आठवण ठेवली. 'भक्तिगीतांचे गायक.' भीमगीतांचा उल्लेख झालाच तर जाता जाता. एका माणसाचे दोन तुकडे करून सोयीचा तुकडा घरात घ्यायचा आणि दुसरा वस्तीत ठेवायचा, ही जुनीच गावकुसाची रीत. मढे ओढायला महार हवा, पण पाणवठ्यावर नको.

पण आपणही त्यांचा दुसरा तुकडा टाकून देत आलो. आपल्यातले काही कडवे लोक म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातला माणूस विठ्ठलाची गाणी कशी गातो? प्रश्न चुकीचा नाही. प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा, मी त्यात पळवाट काढणार नाही. मात्र हा प्रश्न विचारण्याआधी दुसरा विचारायला हवा. पोट भरेल इतके काम आपण आपल्या गायकांना दिले का? जयंतीचा हंगाम एप्रिल आणि मे. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन. ६ डिसेंबर. उरलेले दिवस गायकाने काय खायचे? लग्नात बँडवर लाखभर उडवणारे आपले लोक गायन पार्टीशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतात आणि पहाटे तीनला 'राहिलेले उद्या देतो' म्हणतात. ज्या बाजाराने भक्तिगीतांना पैसे दिले त्या बाजारात तो गायक गेला. त्याच्या त्या गाण्यांशी मतभेद ठेवा. बाबासाहेबांनी चोखोबाशी ठेवला होता तसा. पण प्रल्हाद शिंदे पुरे आठवा, अर्धे नको.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण शासनाच्या स्मरणाचे आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा त्यांच्या घराण्याचा फड, जात फडाच्या नावातच. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही कलावंत. भर तमाशात पोटात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. ही हकीकत लोक कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा संताप जास्त येतो. कोणत्या नोकरीत बाईला ही वेळ येते? १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे होते. दवाखान्याचे बिल भागवायला लोकांची मदत लागली. नंतर काही वर्षांनी शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी ज्या पैशाची गरज होती ते पैसे मेल्यावर त्यांच्या नावाने वाटले जातात. पुरस्कार बंद करा असे म्हणत नाही. फक्त त्या नावामागचा हिशेब माहीत असू द्या.

शासनाने मान दिला म्हणजे प्रश्न सुटतो का? तेलंगणात पाहा. ६ ऑगस्ट २०२३ रोजी हैदराबादेत गद्दर गेले. मूळ नाव गुम्मडी विठ्ठल राव, दलित घरातला मुलगा, जन नाट्य मंडळीचा शाहीर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात घुंगरू. नक्षलवादी चळवळीबरोबर भूमिगत राहिलेला हा माणूस. ६ एप्रिल १९९७ रोजी त्याच्यावर घरी गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातली एक गोळी शेवटपर्यंत शरीरात राहिली. नंतरच्या काळात तो संविधानाकडे आणि बाबासाहेबांकडे उघडपणे वळला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, २०१८ साली, पहिल्यांदा मतदान केले. ज्या राज्ययंत्रणेविरुद्ध आयुष्यभर गायला, तिनेच त्याला शासकीय इतमामात निरोप दिला. अल्वालमध्ये त्याने स्वतः उभ्या केलेल्या महाबोधी विद्यालयाच्या आवारात बौद्ध पद्धतीने दफन झाले. पुढे सरकार बदलले आणि नव्या सरकारने राज्याच्या चित्रपट पुरस्कारांना गद्दरचे नाव दिले. सन्मान मोठा आहे. पण सिनेमाच्या पुरस्काराला नाव देणे सोपे असते, त्याच्या गाण्यातल्या जमिनीच्या मागणीचे काय झाले, हे विचारणे अवघड. तिथले आंबेडकरी कार्यकर्ते तो प्रश्न विचारत राहतील, असे मला वाटते.

गद्दरला गोळ्या लागल्या त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, आपल्याकडे काय घडले ते नव्या मुलांना सांगायलाच हवे. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. विलास घोगरे आव्हान नाट्य मंचाचा गायक. डाव्या चळवळीत गायला, त्या संघटनेने त्याला दूर केले होते. रमाबाई नगरातले रक्त पाहून आला आणि ते त्याला सोसले नाही. लाल आणि निळ्याच्या वादात त्याचे नाव दोन्हीकडे वापरले जाते. डावे म्हणतात आमचा, आपण म्हणतो शेवटी आमचा. जिवंत असताना त्याच्या झोपडीत कोण जात होते?

त्याचा आवाज आज ऐकायला मिळतो तो १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटामुळे. आनंद पटवर्धनांनी झोपडपट्ट्या पाडण्यावर तो केला होता, त्यात विलास गातो. त्याच्या मरणानंतर त्यांनीच चौदा वर्षे चित्रीकरण करून 'जयभीम कॉम्रेड' बनवला. या चित्रपटाच्या मांडणीवर आपल्यात टीका झाली आहे आणि टीका करण्यासारख्या जागा त्यात आहेतही. पण कॅमेरा घेऊन त्या वस्तीत कुणीतरी गेले होते, म्हणून विलास घोगरे हा माणूस कसा गायचा, कसा हात उंचवायचा, हे आपल्याला दिसते. त्याच काळात गाणाऱ्या इतर शेकडो जणांचे असे काहीही नाही.

विठ्ठल उमप यांचे मरण या सगळ्यांत वेगळे. २६ नोव्हेंबर २०१०, नागपूरची दीक्षाभूमी, बौद्ध वाहिनीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम. मंचावर जयभीम म्हणाले आणि कोसळले. 'जांभूळ आख्यान' करणारा, कव्वाली, गोंधळ, भारूड सगळे अंगात मुरलेला हा माणूस दीक्षाभूमीवरच गेला. त्यांच्या मरणाची हकीकत आपण सगळेच सांगतो, डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण 'जांभूळ आख्यान' पूर्ण पाहिलेले किती? त्यात ते द्रौपदीच्या कथेला कुठे वळण देतात, कुठे हसवतात, ते सांगू शकणारे किती? मरणाची गोष्ट सोपी असते, दोन वाक्यांत सांगता येते. कामाची गोष्ट सांगायला काम पाहावे लागते.

म्हणून येत्या जयंतीच्या बैठकीत, वर्गणीचा आणि स्टेजचा विषय संपल्यावर, पाच मिनिटे मागून घ्या. आपल्या तालुक्यात कोणत्या गायन पार्ट्या होत्या, पेटीवर कोण बसायचे, ढोलकी कोण वाजवायचे, कोरसला कोण, बाया कोणत्या गायच्या याची यादी करायला सुरुवात करा. बायांची नावे आधी विचारा, कारण ती सगळ्यांत आधी विसरली जातात, आणि सांगणारा 'अमक्याची बायको' म्हणाला तर तिचे स्वतःचे नाव विचारा. डीजेवाल्याला मुखडे वाजवू द्या, पण संध्याकाळच्या स्टेजवर किमान दोन गाणी शेवटच्या कडव्यापर्यंत गायला लावा.

आणि वह्या. प्रत्येक जुन्या गायकाच्या घरी एक वही असते. रेक्झिनचे पुठ्ठे, मधेच हिशेब, मागच्या पानावर पाहुण्यांचे फोन नंबर आणि आत निळ्या शाईत शेदीडशे गाणी. गायक गेला की जलदानविधीपर्यंत ती कपाटावर असते. पावसाळ्यात वाळवी लागते, घराचे पत्रे बदलताना रद्दीत जाते. ती मागून नेऊ नका, घरच्यांकडेच राहू द्या. फक्त एक दुपार काढा आणि मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा. पहिला फोटो काढण्याआधी एका कोऱ्या कागदावर गायकाचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जन्मसाल आणि गुरूचे नाव लिहून तो कागद वहीवर ठेवा, म्हणजे उद्या फोटो कुठेही फिरले तरी वही कुणाची ते सोबत जाईल.